वेणुम की वेणाम

हरिप्रियाला मी पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यात. फोनवर कुठल्याशा लॉरीवाल्याला ती तमिळमधून असं काही झापत होती की भाजीची पिशवी घेऊन मी खालच्या पायरीवरच थबकले. फोन बंद झाला तशी ती माझ्याकडे वळली, छान हसली आणि म्हणाली, "वरच्या घरांत राहायला आलांत ते तुम्हीच की? जेवण झालं की?" मी चाटच पडले. चेन्नईतल्या पोरूरच्या या गल्लीत मीठ मागायलासुद्धा मला हातवारे करावे लागत होते, आणि खालच्याच मजल्यावर मराठी! आणि तेही कसलं मराठी? मी ते फक्त बखरींच्या धड्यात वाचलेलं.

मी मिरजेची. नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात, म्हणून इथे आलेली. हरिप्रियाच्या घरचे लोक तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून खाली कधी उतरले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. तिकडे त्यांचं गाव नाही, शेत नाही, सोयरे नाहीत. भाषा तेवढी टिकून राहिली आहे. महाराष्ट्र म्हणजे पुणे असा त्यांचा ठाम समज, त्यामुळे मिरज मिरज म्हणून मी घसा कोरडा केला तरी मी 'पुणें अक्का' झाले ती कायमचीच.

घरात तीन माणसं. हरिप्रिया, तिचा नवरा वेंकट आणि सासरे बालाजीराव. बालाजीराव गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात टायपिस्ट म्हणून चिकटले आणि ऑफिस मॅनेजर होऊन निवृत्त झाले. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसणारे, बोटाने चष्मा वर सरकवत बोलणारे, कुणाचं वाईट न चिंतणारे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा एकच हट्ट होता: उंबऱ्याच्या आत मराठी. वेंकटने तो लहानपणीच मोडीत काढला होता. त्याला मराठी समजतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. दिवसभर कानाला हेडफोन लावून तो घरूनच कॉम्प्युटरचं काम करतो, आणि त्याला कशाचंच फार काही वाटत नाही.

म्हणजे बालाजीरावांशी मराठीत बोलायला घरात एकटी हरिप्रिया. ती कुंभकोणमची, तसल्याच मराठी घरातली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून ती घरी यायची, हातपाय धुऊन दोघांची कॉफी करायची आणि मग गॅलरीत सासऱ्या-सुनेच्या गप्पा रंगायच्या. आजच्या आंबटाची, म्हणजे त्यांच्या सांबाराची, चव, कुंभकोणमच्या काकूची भांडणं, कारखान्यात कोण कुणाला काय म्हणालं, काहीही. बस यायच्या वेळी हा माणूस गॅलरीत येऊन उभा राहायचा. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. माझ्या सासऱ्यांनी मला उभ्या जन्मात 'चहा झाला का' यापलीकडे काही विचारलं नाही.

हरिप्रियाची नोकरी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात. तिथे मोटारींच्या सीटचे सांगाडे बनतात, आणि ते वेळेवर लॉरीत चढवून मोटारवाल्यांकडे धाडायचे हे तिचं काम. बी.कॉम. झालेली, डिस्पॅचमध्ये क्लार्क म्हणून लागलेली. तिने ऑनलाइन एमबीए करायचं ठरवलं तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "अगं, बारा तास बाहेर असतेस, अभ्यास काय स्वप्नात करणार?" ती म्हणाली, "बशींत करतों अक्का. जातांना अर्धा, येतांना अर्धा." आणि खरंच केलं. पहिलं वर्ष तिने बसच्या खिडकीशी बसून, कानात वायर घालून पार पाडलं, आणि मार्कही चांगले आणले.

भानगड होती ती शनिवारच्या वर्गाची. तो थेट चालायचा, मध्येच पडद्यावर प्रश्न यायचा, 'आपण उपस्थित आहात का?', आणि बटण दाबलं नाही तर हजेरी बुडायची. शनिवारी हरिप्रियाला ड्युटी. मग तिच्या नावाने लॅपटॉपसमोर कोण बसायचं? बालाजीराव! मला हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. नवा शर्ट, कपाळाला गंध, हाताशी पाण्याचा तांब्या, आणि आजोबा मार्केटिंगच्या वर्गाला बसलेत. "अहो, ही फसवणूक आहे," मी म्हटलं. ते जरा दुखावले. "फसवणूक कसं? मी नीट ऐकतों, सायंकाळी हिला सांगतों. परीक्षा हीच लिहिते की." सासरा सुनेसाठी एवढं करतो म्हटल्यावर मीसुद्धा गप्प बसले.

पहिलं वर्ष संपत आलं आणि प्रश्न आला विषय निवडायचा. दुसऱ्या वर्षाला एकाच गोष्टीत शिरायचं असतं. मार्केटिंग, फायनान्स, ह्यूमन रिसोर्स, ऑपरेशन्स किंवा बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, यातलं एक. एकदा निवडलं की बदल नाही. त्या आठवड्यात त्या घरी जो तो सल्लागार झाला होता. कोर्सवाल्यांची समुपदेशक मुलगी रोज फोन करून अ‍ॅनालिटिक्स गळ्यात मारू बघायची. कुंभकोणमच्या काकूने फायनान्स सांगितलं, कारण तिच्या भाच्याचं त्यात भलं झालं होतं. वेंकट हेडफोन अर्धा बाजूला करून तमिळमध्ये म्हणाला, "एच्आर घे, एसीत बसशील." बालाजीरावांचंही मत तेच. "माणसांचं काम अहे ते. तुला माणसं कळतात. मशीनींत काय अहे?"

हरिप्रियाच्या मनात मात्र काय होतं ते तिने आधी मला सांगितलं. माझ्या ओट्याला टेकून ती उभी होती, हातात शेंगांची वाटी. "अक्का, एक बोल्ट येत नाहीं. एक लहान बोल्ट. तर सांगाडा होत नाहीं, लॉरी उभी राहते, तिकडं मोटारींची अख्खी लाइन बंद पडते. आणि सगळे लॉरीवाल्यावर ओरडतात. मीही ओरडतों. पण चूक आठ दिवस आधीं कोणी तरी केलेली असते, ती मज दिसते. मज तिथं बसायचं अहे, जिथं ती चूक होते." ती बोलत होती तेव्हा तिचे डोळे बघण्यासारखे होते. मी इतकी वर्षं कारखान्यातल्या माणसाशी संसार केला, पण त्या कामात कुणाला एवढा रस वाटू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

तिच्या मनातला विषय म्हणजे ऑपरेशन्स, आणि त्याला एक व्यावहारिक कारणही होतं. कंपनीचा नवा कारखाना पुण्याजवळ चाकणला उभा राहत होता. तिथे प्लॅनिंगसाठी इथलं एक माणूस दोन वर्षं पाठवायचं, परत आल्यावर इथलं प्लॅनिंग त्याच्या हाती द्यायचं, असं ठरलं होतं. दोनच नावं चर्चेत होती, हरिप्रिया आणि तिच्याच खात्यातला इंजिनियर नवीन. प्लँट हेडने तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "काम तुला जास्त येतं. पण तू इंजिनियर नाहीस. एमबीएला ऑपरेशन्स घेतलंस तर तुझं नाव मी पुढे पाठवतो. नाहीतर वर मी काय सांगू?" म्हणजे तिची डिस्पॅचच्या टेबलावरून उठायची वाट त्या एका विषयातून जात होती.

ऑपरेशन्स घेतलं तर चाकणला जाता येईल असं तिने घरी सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. वेंकट म्हणाला, त्याला काय, तो कुठूनही काम करील. हरिप्रिया सासऱ्यांना म्हणाली, "तुम्हीही चला मामंजी. तिथं तुम्हांस सगळे बोलायला मिळतील. रस्त्यावर, दुकानांत, सगळीकडं मराठी!" मी तर उत्साहाने फुगलेच. म्हटलं, तिथे भाजीवालीसुद्धा तुमच्याशी मराठीत भांडेल. बालाजीराव चष्मा वर सरकवत हसले. "होय की. पुणें म्हणजे आपलंच." मग ते वर्तमानपत्र शोधायला आत गेले.

निवड करायची मुदत शुक्रवारी आणि शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी हरिप्रिया लॅपटॉपशी झगडत बसली, पण सगळा देशच एकदम त्या पानावर तुटून पडला असावा, पान उघडेच ना. शनिवारी तिला ड्युटी, मुदत संपणार पाच वाजता, आणि त्यांच्या कारखान्यात मोबाइल गेटवर ठेवून आत जावं लागतं. मग ठरलं असं की दुपारी वर्गाला बसल्यावर बालाजीरावांनी पान उघडलं तर बघायचं, आणि डिस्पॅचच्या टेबलावरच्या फोनवर तिला विचारून बटण दाबायचं.

पुढे काय झालं ते त्या दोघांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मी तिथेच होते असं वाटतं. पान उघडलं. बालाजीरावांनी फोन लावला. म्हणाले, "एच्आर पहिलं दिसतं अहे, तेंच दाबूं?" हरिप्रियाच्या पाठीमागे लॉरी मागे घेत होते, शिट्ट्या चालल्या होत्या, फोर्कलिफ्ट कोकलत होती. टेबलाभोवती माणसं उभी. ती तमिळमध्ये ओरडली, "वेणाम मामा, वेणाम! ऑपरेशन्स!" पलीकडून 'सरि' आलं आणि फोन बंद झाला. 'सरि' म्हणजे बरं, ठीक. ती निश्चिंत होऊन कामाला लागली.

तमिळमध्ये 'वेणाम' म्हणजे नको. आणि 'वेणुम' म्हणजे हवं. एका स्वराचा काय तो फरक.

संध्याकाळी खालून मोठ्याने आवाज आला म्हणून मी धावत गेले. हरिप्रिया दारातच उभी होती, खांद्याला बॅग, पायात बूट तसेच. हातातल्या मोबाइलवर कोर्सवाल्यांचं पत्र. अभिनंदन, आपण ह्यूमन रिसोर्स निवडलं आहे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तूच सांगिटलीस की!" बालाजीराव म्हणत होते. त्यांचे हात थरथरत होते. "वेणुम, वेणुम म्हणून दोनदां ओरडलीस. पुढचं काहीं ऐकूच आलं नाहीं." ती नुसती बघत राहिली. असं बधिर झालेलं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे. मलाच रडू फुटलं.

लगेच समुपदेशक मुलीला फोन झाला. इतके दिवस मध घोळवून बोलणारी ती मुलगी आता नियम वाचून दाखवायला लागली. याद्या बंद झाल्या, पुढच्या वर्षीच्या तुकडीबरोबर हवं तर पुन्हा निवडा. पुढच्या वर्षापर्यंत चाकण थोडंच थांबणार होतं? मी म्हटलं, अर्ज कर, चुकून दाबलं गेलं म्हण. तर ती मुलगी म्हणते, कसं चुकलं ते लिहून द्या, कुणी दाबलं, कुठून दाबलं, आम्ही तपासू. झालं! सत्य लिहावं तर हिच्या जागी सासरा वर्गाला बसतो हे उघड होणार आणि पहिलं वर्षच धुऊन जाणार. अर्ज तसाच राहिला.

मी चिडले, आणि चिडले ती हरिप्रियावरच. "नको म्हणायला काय झालं होतं तुला? घरात चोवीस तास मराठी, आणि नेमकं तेव्हाच तमिळ? नुसतं 'नको' म्हणाली असतीस तर हे घडलं असतं का?" ती शांतपणे म्हणाली, "कारखान्यांत मराठी बोललों तर सगळे हिंदी हिंदी म्हणून चिडवतात अक्का. म्हणून तिथं बोलत नाहीं." बिचारी. चूक मामंजींची नाही, चूक माझ्या जिभेची, असंच तिने स्वतःला समजावलं.

नाव गेलं नवीनचं. प्लँट हेडने तिला बोलावून दोन चांगले शब्द सांगितले आणि नवीनला तिच्याचकडून काम समजून घ्यायला लावलं. ती रोज त्याला शिकवायची आणि रोज बसमधून यायची. इकडे बालाजीरावांनी अन्नच टाकलं. ताट पुढे आलं की पाणी पिऊन उठायचे. तेव्हा हरिप्रियाच त्यांच्याजवळ जाऊन बसली. "मामंजी, जाऊं द्या. कानाचा काय दोष?" स्वतःचं एवढं नुकसान झालेलं असताना ती त्यांना घास भरवायला निघाली! मला तिचा रागही आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडेही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत, फोन जुना असेल. मग तिने त्यांना नवा फोन आणून दिला.

हळूहळू त्या गोष्टीची धार गेली. एवढंच काय, तिची गंमत झाली. आल्यागेल्याला बालाजीराव ती सांगायचे. एका हाताचा फोन करायचे, दुसऱ्या हाताने लॉरी मागे घ्यायचे, शिट्टी वाजवायचे आणि बायकी आवाज काढून ओरडायचे, "वेणुम मामा, वेणुम!" लोक हसायचे. मग चष्मा पुसत म्हणायचे, "एका अक्षरानं माझ्या सुनेस एच्आरवाली केली." हरिप्रियाही हसायची. एच्आरचा अभ्यास तिने मन लावून चालवला होता, मार्कही मिळत होते. पण बोल्टाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मग माझा भाऊ मिरजेहून आला. त्याला मी मोठ्या कौतुकाने खाली नेलं, म्हटलं चल, तुला जुनं मराठी ऐकवते. रविवार होता, सगळे घरी. हरिप्रियाने कॉफी आणली, सोबत मैसूरपाक. बालाजीराव खूश झाले होते. महाराष्ट्रातला पाहुणा घरात आलेला! त्यांनी खास त्याच्यासाठी ती गोष्ट काढली. "एक शनिवारीं काय झालं म्हणजे, मी क्लासास बसलेलों..." माझा भाऊ लक्ष देऊन ऐकत होता. मान हलवत होता. आणि मध्येच अगदी आदराने, मदत केल्यासारखा म्हणाला, "अच्छा अच्छा, फिर क्या हुआ, अंकल?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. समोरचा माणूस मराठी बोलतोय आणि हा हिंदीतून विचारतोय! वाईट हेतू नव्हता त्याचा. त्याच्या कानाला ते बोलणं वेगळं लागलं, आणि हा तमिळ माणूस कसंबसं मराठी बोलतोय, याला हिंदी सोपं जाईल, असं त्याला वाटलं. बालाजीराव थांबले. चेहऱ्यावरचा सगळा आनंद झर्रकन उतरला. हवेतला हाताचा फोन तसाच कानाशी राहिला. गोष्ट तर पुरी करायला हवी, म्हणून ते पुढे बोलले, पण कुठे होतो तेच हरवल्यासारखे. "मग... ही ओरडली. वेणाम मामा, वेणाम म्हणून..."

कुणी हसलं नाही. मला पहिल्यांदा कळलंच नाही काय चुकलं ते. गोष्ट तीच, हात तेच, फक्त स्वर वेगळा होता: रोजच्या 'वेणुम'च्या जागी 'वेणाम'. वेंकटने हेडफोन काढला. हरिप्रियाच्या हातात ताटली होती, ती तिने हळूच खाली ठेवली.

"काय म्हणलांत मामंजी?"

"वेणुम. वेणुम म्हणलों." ते घाईघाईने म्हणाले.

"नाहीं. वेणाम म्हणलांत."

त्यांना खोटं रेटता येत नाही. आयुष्यभर सवय नाही त्याची. तेव्हा बोलले ते एकच, आणि आम्ही सगळ्यांनी ते विनातक्रार गिळलं होतं. खाली मान घालून ते म्हणाले, "ऐकूं आलं होतं. नीट ऐकूं आलं होतं. ऑपरेशन्स म्हणलीस तेंही ऐकूं आलं."

हा माणूस! गंध लावून वर्गाला बसणारा, बस यायच्या वेळी गॅलरीत ताटकळणारा! मग त्या दिवशी थरथरणारे ते हात कशाचे होते? आणि अन्न टाकलं होतं ते कशासाठी? हरिप्रियाने कानाचा डॉक्टर गाठला, नवा फोन आणला, आणि हा गृहस्थ तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेला, कानात नळी घालू दिली, नवा फोन घेतला!

"कां?" हरिप्रियाने विचारलं. एवढंच.

"पुण्यास मी गेलों होतों," ते म्हणाले. "एकदां. वर्कशॉपच्या मालकांच्या घरचं लग्न. तुझी सासू होती तेव्हां. वाटलं, आतां पोटभर बोलूं. जिथं तोंड उघडलों तिथं हिंदींत उत्तर दिले. रिक्षावाला, लग्नांतले लोक, सगळेच. एक लहान मुलगी तर हसली, हे आजोबा कसं बोलतात म्हणून. घरीं येऊन कोणास सांगिटलों नाहीं." ते माझ्या भावाकडे बघत नव्हते, पण माझ्या भावाची मान आपोआप खाली गेली. "इथं राहिलों असतों तर एकटा. तुमच्याबरोबर आलों असतों तर तिथंही एकटा. बटण समोर होतं. दाबलों."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. अहो, मग सांगायचं ना! सुनेला सांगितलं असतंत तर ती तुम्हाला हसली असती का? पुणं म्हणजे आपलंच हे जन्मभर मिरवलं, ते एकदा खाली ठेवायचं जिवावर आलं, आणि त्यापायी त्या पोरीची वाट बंद करून टाकली. आणि वर तिचीच नक्कल करून लोकांना हसवलं.

हरिप्रिया रडली नाही. ओरडलीही नाही. मी वाट बघत होते की लॉरीवाल्याला झापते तशी आता हिची जीभ सुटेल, आणि सुटावी असंच मला वाटत होतं. ती उठली. सासऱ्यांच्या पुढचा पेला तिने उचलला, त्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "काफी आरि पोच्चु, मामा. वेर पोट्टु तरेन." कॉफी निवली, दुसरी करून देते. त्या उंबऱ्याच्या आत ती त्यांच्याशी तमिळ बोलली ती तेव्हा पहिल्यांदा. बालाजीरावांनी मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं, जणू हात न उगारता कुणी त्यांना मारलं होतं.

त्यानंतर ती त्यांच्याशी मराठीत बोललेली मी ऐकलेली नाही. भांडण नाही, अबोला नाही, सेवेत कसूर नाही. गोळ्या वेळच्या वेळी, शर्टाला इस्त्री, संध्याकाळची कॉफी गॅलरीत. बालाजीराव मराठीत विचारतात, "आज उशीर कां झाला?" ती तमिळमध्ये उत्तर देते, नीट, सविस्तर, 'वांगो पोंगो', म्हणजे 'या, जा', असं मानाने. शनिवारच्या वर्गाला आता ती स्वतः रजा टाकून बसते. दुपारी बालाजीराव जिना चढून माझ्याकडे येतात आणि काहीतरी निमित्त काढून बोलत राहतात. मी ऐकते. पण मला त्यांच्याशी पहिल्यासारखं हसता येत नाही, आणि त्यांना ते समजतं.

शेवटी मला राहवलं नाही. जिन्यात तिला गाठलं आणि म्हटलं, "हरिप्रिया, पुरे आता. म्हातारं माणूस आहे, झुरून जाईल. एक शब्द तरी बोल त्यांच्याशी मराठीत."

तिने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. माझ्याशी मात्र ती मराठीतच बोलली, नेहमीच्याच गोड आवाजात.

"कशास अक्का? त्यांस तमिळ नीट ऐकूं येतं की."